आ. पा. बिरनाळे

सांगलीच्या मार्केट यार्डात, अडत दुकानात,
दुपारपर्यंत माझा लॅपटॉप पिवळा होतो.
काम सांगायला सोपं आहे.
वजनकाट्याचं सॉफ्टवेअर किलोत बोलतं,
टॅली क्विंटलमध्ये,
हरिपूरच्या गोदामवाल्याची एक्सेल पोत्यांत
(त्याचा बाप पेवातली हळद तोंडी सांभाळायचा),
आणि बँकेला फक्त रुपये कळतात.
चौघांना एका पंगतीला बसवायचं.

"एपीआय म्हंजे काय गं?" कुपवाडे तात्यांनी विचारलं.
मी दार म्हटलं, खिडकी म्हटलं,
पोस्टमन म्हणून पाहिलं.
तात्या ढिम्म.
मौला नदाफ थप्पीला टेकून तंबाखू मळत होता.
म्हणाला, "तात्या, रुमाल."
आणि खांद्यावरचा पंचा तात्यांच्या हातावर टाकून
खालून त्यांची बोटं दाबली.
पूर्वी सौदे असे व्हायचे म्हणे:
वर कापड, आत बोटं.
विचारायचं ठरल्या खुणेनं,
उत्तर ठरल्या खुणेनं,
आणि शेजारच्याला पत्ता नाही.
तात्या माझ्यावरच उखडले,
"मग हे मंगळवारपासनं का नाही सांगितलंस?"

त्या रात्री दुबार नावं काढायला बसले.
आ. पा. बिरनाळे, समडोळी.
आ. पा. बिरनाळे, समडोळी.
मोबाईल एकच, गल्ली एकच, माल एकाच आठवड्यात उतरलेला.
मशीन म्हणालं, अठ्ठ्याण्णव टक्के
हा एकच माणूस.
उरलेल्या दोन टक्क्यांना मी काही विचारलं नाही.
एंटर.

शुक्रवारी ते दोन टक्के दुकानात आले.
एकाच एम-ऐंशीवरून.
पुढं आदगोंडा, मागं आप्पाण्णा,
मध्ये घडी घातलेलं रिकामं पोतं,
अंगाला अंग लागायला नको म्हणून.

विहिरीच्या पाळीवरून तेरा वर्षं बोलणं बंद.
मोबाईल आईचा.
दोघांच्या पट्टीचे मेसेज तिच्याच फोनवर यायचे,
नातीकडून वाचून घेऊन
ती दिवेलागणीला दोन्ही दारांत जायची,
ज्याचा आकडा त्याला सांगून यायची.
पोती तिला पाठ होती, चूक कधी झाली नाही.
या खेपेला मेसेज एकच आला: बेचाळीस पोती.
ती म्हणाली, "एकच आलाय. दोघं जाऊन बघा."
आणि फोन पदरात बांधून झोपली.

पैसे सगळे आदगोंडाच्या खात्यावर.
आप्पाण्णा कॅलेंडरकडं बघत मला म्हणाला,
"ह्यांना सांगा, एकोणीस पोती माझी."
मी ह्यांना सांगितलं.
ह्यांनी कॅलेंडरच्या दुसऱ्या बाजूला बघत कळवलं,
एकोणीस नव्हे, अठरा.
मी उलट निरोप दिला.
हातभर अंतर, आणि मधे मी,
पगार घेऊन.

असं अर्धा तास चाललं असेल.
भाव कसा लागला, ओल किती धरली,
आप्पाण्णा मला म्हणाला, सेलमचा भाव धरा,
आणि आदगोंडा एकदम वळला:
"तुझी सेलम कुठली? राजापुरी होती तुझी!"

तात्यांची लेखणी थांबली.
मौलानं थुंकायचं तसंच तोंडात धरलं.
आप्पाण्णाला उत्तर सुचेना,
कारण होती ती राजापुरीच.

मी चूक निस्तरली. रक्कम वळती केली,
दोघांना वेगळे क्रमांक दिले, एक हजार अठ्ठ्याऐंशी, एक हजार एकोणनव्वद.
नाव पूर्ण लिहायचा नियम केला.
मोबाईलच्या रकान्याशी आल्यावर म्हटलं,
"दोघांचे वेगळे नंबर द्या."
दोघंही म्हणाले, दोघंही मलाच,
"तोच राहू दे."

म्हणून सॉफ्टवेअर रोज रात्री विचारतं,
हे दोघे एकच आहेत का?
मी रोज 'नाही' दाबते.
ती एकच कळ
बाकीच्यांपेक्षा जास्त पिवळी झालीय.